अहिराणी रील चालतात, पण मुलगा स्टेजसाठी लिहितो का?

प्रश्न: माझा मुलगा अमळनेरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अहिराणीत विनोदी रील करतो, बघणारे भरपूर आहेत. आता कॉलेज सोडून मुंबईला जायचं म्हणतो. स्टँड-अप करायचं आणि सिरियल-सिनेमात छोट्या भूमिका मिळवायच्या, असा त्याचा बेत आहे. एका अभिनय क्लासने तीन महिन्यांची एक लाख वीस हजार फी सांगितली असून ‘काम मिळवून देऊ’ असंही म्हटलं आहे. आम्ही काय करावं?
– एक पालक

उत्तर: नमस्कार. दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. पदवी पूर्ण होऊ द्या आणि त्या क्लासचे पैसे भरू नका. मुलाला अडवा असं मात्र मी म्हणणार नाही. बोलीच्या जोरावर उभं राहिलेले कलाकार आपल्याकडे कमी नाहीत. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली महाराष्ट्रभरच्या नाट्यगृहांत नेली, भरत गणेशपुरेंची वऱ्हाडी टीव्हीवरून घराघरांत पोहोचली. अहिराणीला तितकी जागा अजून मिळालेली नाही, म्हणजे तिथे वाव आहे.

पण स्टँड-अप आणि चरित्र अभिनय (म्हणजे सिरियल-सिनेमातल्या त्या छोट्या भूमिका) ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रील हे तिसरंच. रील चाळीस सेकंदांचं असतं, फसलेला भाग कापता येतो. स्टँड-अपवाला मुळात लेखक असतो. मुलाकडे वही आहे का, ते बघा. नकला उत्तम करणारी मुलं गावोगाव सापडतात, रोज बसून लिहिणारी फार थोडी.

त्याची परीक्षा घरबसल्या घेता येईल. पाच मिनिटांचा मजकूर लिहून तो ओळखीच्या नसलेल्या पंधरा-वीस जणांसमोर उभ्याने सादर करायचा आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा. मित्र आणि नातेवाईक चालणार नाहीत, ते त्याला बघूनच हसतात. मग रेकॉर्डिंग ऐकत दर मिनिटाला खरा हशा किती वेळा आला ते मोजायचं. मिनिटाला तीन-चार येत असतील तर मजकूर चांगला आहे. एकच येत असेल तर सेट-अप, म्हणजे हशाआधीची बांधणी, लांबलेत.

मराठीत हमखास चुकणारी एक गोष्ट सांगतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे हसवणारा शब्द मध्येच अडकतो. ‘नवरदेव जेसीबीच्या बकेटमध्ये बसून आला होता’ या वाक्यात लोक ‘बकेट’लाच हसायला लागतात आणि ‘बसून आला होता’ त्यांच्या हसण्यावर आदळतं. हशा अर्ध्यावर तुटतो. तेच असं करून बघा: ‘वरात आली. सगळे घोडा शोधताहेत. नवरदेव कुठंय? जेसीबीच्या बकेटमध्ये.’ पंच, म्हणजे हसवणारा शब्द, शेवटी आला, आता गप्प राहायचं. हशा टिपेला पोहोचून ओसरायला लागला की पुढचं वाक्य सुरू करायचं. नवखा माणूस शांततेला घाबरून हशावरच बोलतो आणि पुढचा सेट-अप कुणालाच ऐकू जात नाही.

दुसरी अडचण बोलीची. धुळ्यात जो शब्द टाळी घेतो त्यावर पुण्यात लोक एकमेकांकडे बघतात. निवेदन साध्या मराठीत ठेवायचं आणि पात्रांचे संवाद अहिराणीत, म्हणजे शब्द कळला नाही तरी प्रसंगावरून अर्थ लागतो. पंचचा शब्द मात्र सगळ्यांना कळणाराच हवा. आणि नुसता हेल काढून हशा मिळत असेल तर तो विनोद मोजू नका. दहा मिनिटांत त्या हेलाची सवय होते आणि पुढे काहीच उरत नाही.

पुण्या-मुंबईत ओपन माईकला, म्हणजे नवख्यांनाही नाव नोंदवून सादर करता येतं त्या कार्यक्रमात, साधारण चार-पाच मिनिटं मिळतात. वेळ संपत आली की लाईट दाखवतात, तो दिसूनही बोलत राहणाऱ्याला आयोजक पुन्हा सहज बोलवत नाहीत. मानधन नसतं, कधी उलट नाव नोंदवायलाच पैसे द्यावे लागतात. पुढची पायरी दहा-पंधरा मिनिटांचे स्पॉट, मग दुसऱ्याच्या शोला ओपनर, म्हणजे मुख्य कलाकाराआधी सादर करणारा, आणि तासाभराचा स्वतःचा शो कित्येक वर्षांनी. जात-धर्मावरचा मजकूर सादर करण्याआधी जाणत्या माणसाला दाखवावा. भारतीय न्याय संहितेचं कलम 299 धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दल आहे, आणि एक क्लिप व्हायरल व्हायला रात्र पुरते.

चरित्र अभिनयात उलटं शिकावं लागेल. कॅमेरा हशासाठी थांबत नाही. स्टेजवर जे मोठं करायचं तेच इथे अर्ध्यावर आणायचं. चहाचा कप ज्या शब्दावर उचलला, पुढच्या प्रत्येक टेकला त्याच शब्दावर आणि त्याच हाताने उचलायचा, नाहीतर एडिटमध्ये शॉट जुळत नाही आणि चांगला टेकही वाया जातो.

ऑडिशन हल्ली बहुधा फोनवरूनच मागवतात. फोन आडवा, मागे साधी भिंत, उजेड समोरून. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव आणि दोन्ही बाजूंचे प्रोफाइल. समोरच्या पात्राचे संवाद वाचणारा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभा असावा, नाहीतर नजर भलतीकडे जाते. बोलीची एक क्लिप पाठवली की सोबत एक साध्या मराठीतली आणि एक गंभीर प्रसंगाची हवीच. तेवढी काळजी घेतली नाही तर खेडवळ मामा, हवालदार आणि पाणक्या एवढ्यावरच अडकण्याची भीती असते.

आता पैसा. ऑडिशनसाठी, ‘कार्ड’साठी किंवा नोंदणीसाठी पैसे मागणारा माणूस कास्टिंगवाला नसतो. काम लागल्यावर समन्वयक मानधनातून कमिशन कापतो, ती रीत वेगळी. कामाची हमी देणारा क्लास दिसला की दारातूनच परतावं. टीव्हीचं मानधन साधारण 90 दिवसांनी हातात येतं आणि त्यातून बहुधा दहा टक्के टीडीएस कापलेला असतो. विवरणपत्र भरलं नाही तर परतावा मिळत नाही. म्हणून मुंबईला जाताना निदान सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण गाठीशी हवं. करारात ‘दुसऱ्या वाहिनीवर काम करायचं नाही’ असं कलम आहे का, असल्यास किती महिन्यांचं, हे सही करण्याआधी वाचायला सांगा.

पदवीचा आग्रह नोकरीसाठी नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना इथल्या नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पदवी लागते, शाखा कोणतीही चालते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नाटकांत काम केल्याचा अनुभवही बघतात. शिकायचंच असेल तर तिथे शिकावं, एक लाख वीस हजारांत तीन महिने घालवण्यापेक्षा.

तोवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा ‘युवारंग’ हा युवक महोत्सव आहेच. मिमिक्री, विडंबननाट्य, मूकनाट्य असे प्रकार तिथे असतात आणि समोर कॉलेजची मुलं, म्हणजे सर्वांत निर्दय प्रेक्षक. त्याने मिमिक्रीऐवजी मूकनाट्यात नाव द्यावं असं मी सुचवेन, कारण तिथे अहिराणी उपयोगाची नाही. सुट्टीत महिन्यातून एकदा पुण्याला ओपन माईक करावा, दर वेळी तीच पाच मिनिटं, थोडी दुरुस्त करून. पदवी होईपर्यंत हमखास हसवणारी अशी वीस मिनिटं तयार झाली, तर मुंबईच्या तिकिटाचे पैसे तुम्हीच द्या.