कॉन्फरन्स संपली, आता तक्रार कुणाकडे करायची?

"मॅडम, तक्रार केली तर माझं करिअर संपेल का?" परिषदेत लैंगिक छळ सोसून परतलेल्या मुली हे विचारतात, तेव्हा त्यामागे आणखी एक प्रश्न असतो: तक्रार करायची तरी कुणाकडे? कॉलेज म्हणतं, प्रकार आमच्या आवारात घडलेला नाही. परिषद भरवणारी डॉक्टरांची संघटना म्हणते, ते सर आमचे नोकर थोडेच आहेत, सभासद आहेत. तीन दिवसांत मांडव उठतो आणि मुलगी एकटी उरते.

अशीच एक एमडीच्या दुसऱ्या वर्षाची रेसिडेन्ट माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आली ती झोप लागत नाही म्हणून. ड्यूटी संपवून खोलीवर गेली तरी डोळा लागायचा नाही, थिसिस अडलेला, फोन वाजला की छातीत धडधड. दुसऱ्या भेटीत तिने मूळ गोष्ट सांगितली. राज्य परिषदेत तिचा पहिला पेपर होता. सेशनचे चेअरपर्सन दुसऱ्या कॉलेजातले ज्येष्ठ प्राध्यापक, संघटनेचे माजी पदाधिकारी. रात्रीच्या जेवणाच्या वेळी फोटोच्या निमित्ताने त्यांनी कमरेत हात घातला, तो काढेचनात. नंतर मेसेज आला, "रूमवर ये, पेपरवर बोलू." दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी पुन्हा अंगचटीला आले. तिने संयोजन समितीतल्या एका बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, सर मोकळ्या स्वभावाचे आहेत. मनावर घेऊ नकोस."

या वाक्याने आपल्याला सर्वांत जास्त दुखावलं, असं ती म्हणाली. मला ते पटतं. धीर करून पहिल्यांदा ज्याला सांगितलं त्यानेच उडवून लावलं, की माणूस स्वतःच्या आठवणीवरच शंका घेऊ लागतो. तिच्या प्रत्येक वाक्यात 'कदाचित' होतं. कदाचित साडी नेसायला नको होती. कदाचित त्या मेसेजला "थँक यू सर, उद्या भेटते" असं उत्तर द्यायला नको होतं. या उत्तराची तिला फार लाज वाटत होती. मी तिला विचारलं, "रात्रीच्या वेळी, ज्याच्या हातात तुझा निकाल असू शकतो अशा माणसाला, तू दुसरं काय लिहिणार होतीस?" गोड बोलून स्वतःची सुटका करून घेणं ही ज्युनिअर मुलींची जुनी युक्ती आहे. ती संमती होत नाही, आणि तक्रार ऐकणाऱ्या जाणत्या समितीलाही ते कळतं.

मग खरी भीती बाहेर आली. "आमची ब्रँच लहान आहे. प्रॅक्टिकलला बाहेरचे एक्झामिनर म्हणून तेच आले तर?" ही भीती खोटी नाही. लहान ब्रँचमध्ये परिषदेच्या व्यासपीठावर, परीक्षकांच्या यादीत आणि नोकरीच्या मुलाखतीत तीच तीच नावं असतात. म्हणून "काही होत नाही, घाबरू नकोस" असं मी कुणालाही सांगत नाही. तक्रार कर किंवा करू नकोस, असंही सांगत नाही. तिला एवढंच सांगितलं की निर्णय पुढे घेऊ, पण घडलेलं आज लिहून ठेव. तारीख, वेळ, जागा, आजूबाजूला कोण होतं, नंतर कुणाला सांगितलंस. तो मेसेज तिला पुसून टाकायचा होता. मी म्हटलं, स्क्रीनशॉट घे आणि मूळ चॅटही तसंच राहू दे. त्या रात्री ती रूममेटजवळ रडली होती. रूममेटला विचारून तिचंही नाव लिहिलं. कागद पुरा झाला तेव्हा तिच्या बोलण्यातलं 'कदाचित' कमी झालं होतं. झोप मात्र यायला बरेच आठवडे लागले.

कायद्याची माहिती मी समुपदेशनाच्या खोलीतही देते, कारण अर्धी घालमेल माहिती नसल्याची असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाचं ठिकाण म्हणजे फक्त इमारत नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही त्यात येते, आणि प्रशिक्षणार्थीही कर्मचारी धरले जातात. ती एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, सहीने ऑन ड्यूटी परिषदेला गेली होती. समोरचा माणूस दुसऱ्या संस्थेतला असला तरी पीडित स्त्रीच्या संस्थेची अंतर्गत समिती, म्हणजे अशा तक्रारींसाठी नेमलेली समिती, चौकशी करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याच्या संस्थेला सहकार्य करावं लागतं. तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने असते. उशिराचं कारण पटलं तर समिती ती आणखी ३ महिन्यांपर्यंत वाढवू शकते. म्हणजे विचाराला वेळ आहे, पण वर्षभर नाही. समोरचा स्वतःच्या हॉस्पिटलचा मालक असेल आणि मुलगी तिथे काम करत असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. पोलिसांचा रस्ता वेगळा, तो कुणीही बंद करू शकत नाही.

"आणि सिद्ध झालं नाही तर? उलट माझ्यावरच आलं तर?" हेही तिने विचारलं. केवळ पुरावा कमी पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. परीक्षकाच्या भीतीवरही उत्तर होतं. चौकशी सुरू असताना समोरच्या व्यक्तीला तक्रारदाराच्या शैक्षणिक कामावर देखरेख करू देऊ नये, अशी शिफारस समितीकडून मागता येते. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसली.

तिने तक्रार कॉलेजच्या समितीकडे दिली आणि प्रत संघटनेला पाठवली. संघटनेच्या सचिवांनी तिला उत्तर दिलं नाही. तिच्या गाइडना फोन करून सांगितलं, "मुलीला समजवा, सर रिटायरमेंटला आलेत." गाइडनी तिला बोलावून एवढंच विचारलं, "तुझी तयारी आहे ना?" आणि समितीपुढे ती परिषदेला कॉलेजतर्फेच गेली होती, असं लेखी दिलं. अशी माणसं असतात, हे मला आवर्जून सांगायचं आहे.

संघटनांच्या वागण्यावर मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. पुण्याच्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बार कौन्सिल, मेडिकल कौन्सिल, आर्किटेक्ट आणि सीएंच्या संस्थांना बजावलं होतं, की तुमच्याशी संलग्न संघटना आणि नोंदणीकृत व्यक्ती कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठीची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं पाळतील हे बघा. तरी आजही कितीतरी परिषदांच्या माहितीपत्रकात जेवणाचा मेन्यू असतो, पण त्रास झाला तर कुणाला फोन करायचा ते नसतं. एकमेकांचे मित्र असलेले पदाधिकारी मग 'मिटवून टाकू' म्हणतात. घाईही तितकीच वाईट. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्धच्या लैंगिक छळाच्या प्रकरणात बचावाची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि चौकशी पुन्हा करायला सांगितली. तक्रार करणाऱ्या मुलींना पुन्हा पहिल्या पायरीवर आणणारी घाई कुणाच्या कामाची?

तिच्या प्रकरणात समितीने तक्रार खरी ठरवली. प्रॅक्टिकलला दुसरे एक्झामिनर आले. संघटनेने पुढच्या परिषदेच्या वक्त्यांतून सरांचं नाव काढलं, पण सभासदत्व तसंच ठेवलं: "काढण्याची तरतूद संघटनेच्या घटनेत नाही." ती चिडली. मी तिला सांगितलं की अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीतही २०१९ पर्यंत अशी तरतूद नव्हती. सभासदांनी मतदानाने नियम बदलला आणि २०२१ मध्ये एका नामवंत खगोलशास्त्रज्ञाचं सभासदत्व लैंगिक छळाच्या कारणावरून गेलं.

ती घरी जाऊन संघटनेची घटना वाचत बसली. दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आणायला किती सभासदांच्या सह्या लागतात, ते तिने शोधून काढलं. दोन सीनिअर डॉक्टर बाईंनी सही केली आहे. संयोजन समितीतल्या त्या बाईंकडे कागद न्यावा का, हे तिचं अजून ठरत नाही. पुढच्या भेटीत आम्ही त्यावरच बोलणार आहोत.