अलास्काच्या क्रूझला जोडून जंगलाची टूर निवडताना आधी रात्री मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टच्या शेवटी व्हँकुव्हर ते सूअर्ड अशी सात रात्रींची अलास्का क्रूझ ठरली आहे. जहाजातून उतरल्यावर पाच दिवस गाईडसोबत डेनालीच्या (अलास्कातला पर्वत आणि त्याच नावाचं राष्ट्रीय उद्यान) बाजूला जायचं आहे. सोबत ६८ वर्षांचे वडील आहेत. क्रूझ कंपनीचीच लँड टूर घ्यावी, की एखाद्या छोट्या कंपनीची वेगळी?

मी हे दोन्ही करून पाहिलंय. पहिल्यांदा सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा क्रूझ कंपनीकडूनच सगळं घेतलं होतं. तीन वर्षांनी बहिणीबरोबर परत गेले, तेव्हा अकरा जणांची व्हॅन आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच गाईड. कंपनी कुठली हा प्रश्न मला आता दुसरा वाटतो. पहिला प्रश्न हा की कार्यक्रमपत्रिकेत एका जागी सलग किती रात्री आहेत.

पहिल्या खेपेला आमच्या पाच दिवसांत चार हॉटेलं होती. रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, आठला बस. डेनालीला दुपारी चारला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. त्या वीस तासांत पाऊस होता, ढग खाली उतरलेले, आणि पर्वत दिसला नाही. सासऱ्यांनी निघताना खिडकीतून मागे वळून पाहिलं ते मला अजून आठवतं. ते काहीच बोलले नाहीत, पण एवढ्या लांब ते त्या पर्वतासाठीच आले होते.

हा पर्वत ६,१९० मीटर उंच आहे, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात उंच. पण तो स्वतःचे ढग स्वतःच तयार करतो, आणि उन्हाळ्यात जाणाऱ्या साधारण तिघांपैकी एकालाच दिसतो असं तिथे सगळेच सांगतात. एक रात्र राहिलात तर सगळं नशिबावर सोडलंत. तीन रात्री राहिलात तर निदान हवामानाला तुमच्यासाठी उघडायला वेळ दिलात. प्राण्यांचंही तसंच. ग्रिझली अस्वल, लांडगा, मूस आणि कॅरिबू ही दोन प्रकारची मोठी हरणं, आणि पांढऱ्या डॉल मेंढ्या हे तिथले पाच मोठे प्राणी. एकाच फेरीत पाचही दिसणारे भाग्यवान फार थोडे. (१९१७ साली हे उद्यान झालं ते पर्वतासाठी नव्हे, या मेंढ्यांची शिकार थांबवण्यासाठी. हे कळल्यावर मी कड्यांवरचे ते पांढरे ठिपके वेगळ्याच नजरेने पाहायला लागले.)

आता उद्यानाच्या आतलं. इथेच टूर-टूरमधला खरा फरक कळतो. डेनालीत एकच रस्ता आहे, ९२ मैलांचा. उन्हाळ्यात खाजगी गाडी पहिल्या १५ मैलांपर्यंत, सॅव्हेज नदीपर्यंतच जाते. पुढे उद्यानाच्या बसनेच जायचं. शिवाय २०२१ च्या ऑगस्टमध्ये ४५ व्या मैलाजवळ 'प्रिटी रॉक्स' नावाच्या ठिकाणी डोंगर सरकून रस्ता तुटला. तेव्हापासून बस ४३ व्या मैलावरून परत फिरवतात, आणि खचलेला भाग ओलांडायला पूल बांधायचं काम हाती घेतलंय. जुन्या ब्लॉगमध्ये ६६ व्या मैलावरचं आयलसन केंद्र किंवा ८५ व्या मैलावरचं वंडर लेक वाचून कुणी त्याचं वचन देत असेल, तर तुमच्या तारखेला रस्ता कुठपर्यंत खुला आहे हे उद्यानाच्या संकेतस्थळावर आधी बघा.

बस दोन प्रकारच्या. एकीत चालकच गाईड असतो, सगळं समजावून सांगतो, प्राणी दिसला की थांबतो. तिकीट महाग, पण जागा ठरलेली आणि उतरून मध्येच थांबता येत नाही. दुसरी साधी हिरवी बस: स्वस्त, हवं तिथे उतरा, दीडेक तास टुंड्रात फिरा, मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर चढा. बहुतेक पॅकेजमध्ये पहिली असते, आणि तिच्यातही छोटी आणि मोठी फेरी असे प्रकार असतात. छोटी फेरी फार आत जात नाही. म्हणून 'डेनाली टूर समाविष्ट' एवढ्यावर समाधान मानू नका. 'बस कितव्या मैलापर्यंत जाते?' असं विचारा. उत्तर आकड्यात मिळालं पाहिजे.

आणखी एक गोष्ट मी स्वतः चुकले होते. लॉजच्या नावात डेनाली किंवा मॅकिन्ली (त्याच पर्वताचं दुसरं नाव) आहे याचा अर्थ ते उद्यानाच्या दाराशी आहे असा होत नाही. पर्वताच्या दक्षिणेला, टॉकीटना आणि ट्रॅपर क्रीकच्या बाजूला सुंदर लॉज आहेत, तिथून आकाश मोकळं असेल तर पर्वत फार छान दिसतो. पण टॉकीटना ते उद्यानाचं प्रवेशद्वार हे रस्त्याने जवळजवळ १५० मैल आहे, म्हणजे तीन तास. आमच्या कार्यक्रमात 'डेनाली परिसरात दोन रात्री' असं लिहिलेलं होतं. त्यातली एक तिकडे दक्षिणेला निघाली. नकाशा उघडून प्रत्येक मुक्कामावर बोट ठेवा, मगच पैसे भरा.

मग क्रूझ कंपनीची की वेगळी? क्रूझ कंपनीच्या टूरची एक बाजू खरोखर भक्कम आहे. जहाजातून उतरल्यापासून विमानतळापर्यंत सामान, गाडी, खोली, सगळं त्यांच्या अंगावर. काचेच्या छताचे रेल्वेडबे त्यांच्याकडे असतात, बसमध्ये स्वच्छतागृह असतं, काही मोठ्या लॉजमध्ये लिफ्ट असते. चालायला त्रास होणाऱ्यांना हे मोलाचं आहे, आणि माझ्या सासूबाईंना तीच टूर आवडली होती, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण गाईड या शब्दाचा अर्थ तिथे पातळ होतो. चाळीस-पन्नास जणांबरोबर जो असतो तो व्यवस्थापक असतो: वेळा सांगतो, खोल्यांच्या किल्ल्या देतो. जंगल दाखवणारा माणूस रोज वेगळा भेटतो आणि बहुतेक वेळा त्याचे पैसेही वेगळे पडतात. मूळ किंमत कमी दिसते, आणि नंतर हिमनदीवरचं चालणं, राफ्टिंग, छोट्या विमानातली फेरी असं एकेक जोडत गेलं की रक्कम छोट्या कंपनीच्या बरोबरीला येते. दोन्हींची तुलना कागदावर करा तेव्हा हे सगळं धरून करा.

दुसऱ्या खेपेला आमच्या गाईडने पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना विचारलं होतं, कुणाला किती चालवतं, कुणाला काय बघायची आस आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी ढग फाटताहेत असं दिसल्यावर तिने नाश्ता गुंडाळून घ्यायला सांगितला आणि आम्हाला ताबडतोब सॅव्हेज नदीकडे नेलं. पावणेसातला पर्वत पूर्ण दिसला, पायथ्यापासून टोकापर्यंत, चाळीस मिनिटं. बहिणीने माझा हात घट्ट धरला होता. पन्नास जणांची बस असती तर हा निर्णय कुणालाच घेता आला नसता. छोट्या गटाचे जास्तीचे पैसे याच मोकळीकीसाठी असतात.

छोटी कंपनी निवडताना हे नक्की विचारा: गटात जास्तीत जास्त किती माणसं, एकच गाईड शेवटपर्यंत राहणार की बदलणार, तो रानातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला आहे का, राष्ट्रीय उद्यानात व्यवसाय करण्याचा परवाना कंपनीकडे आहे का, हवामानामुळे विमान रद्द झालं तर पैसे परत की बदली कार्यक्रम. आणि माझा आवडता प्रश्न: 'चौथ्या दिवशी आम्ही गाडीत किती तास आणि बाहेर किती तास?' चांगली कंपनी याचं उत्तर लगेच देते.

वडिलांविषयी. ६८ हे वय मुळीच अडचण नाही, गुडघे कसे आहेत ते महत्त्वाचं. सॅव्हेज नदीकाठची दोन मैलांची वाट बरीचशी सपाट आहे. उद्यानाचे रेंजर पाऊलवाटेविना टुंड्रात घेऊन जातात ती 'डिस्कव्हरी हाइक' मात्र कष्टाची असते: ओलसर, स्पंजासारखी जमीन, झुडपं, ओढे. तिची नोंदणी तिथे पोचल्यावर, एक-दोन दिवस आधी प्रत्यक्ष जाऊन करावी लागते, म्हणजे पुन्हा रात्रींचाच प्रश्न आला. तुम्ही त्या दिवशी हाइकला गेलात तर वडिलांना उद्यानातल्या स्लेड (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांचं प्रात्यक्षिक बघता येईल. हिवाळ्यात रेंजर अजूनही त्याच कुत्र्यांबरोबर गस्त घालतात, आणि ते बघायला पैसे लागत नाहीत.

तुमची तारीख छान आहे. ऑगस्टच्या शेवटी टुंड्रा लाल-केशरी व्हायला लागतो, अस्वलं दिवसभर बेरी खात उघड्यावर असतात, जून-जुलैतले डास ओसरलेले असतात, आणि रात्री पुन्हा काळोख पडू लागल्याने ध्रुवीय प्रकाश दिसायची शक्यता असते. पाऊस मात्र धरूनच चला. पावसाळी जाकीट आणि प्रत्येकाला वेगळी दुर्बीण. एकच दुर्बीण हातोहात फिरवत बसलात तर अस्वल तेवढ्यात झाडीत गेलेलं असतं. आणि अस्वलापासून तिथे ३०० यार्ड दूर राहायचा नियम आहे, त्यामुळे दुर्बिणीशिवाय ते एक तपकिरी ठिपकाच राहतं.

जमिनीवर काय बघायचं हे ठरवताना जहाजाने काय दाखवलंय ते लक्षात ठेवा. सात दिवस समुद्र, हिमनद्या, व्हेल, ओली हिरवी जंगलं बघून झालेली असतील. म्हणून जमिनीवर उलट दुनिया निवडा: आतला भाग, उघडा टुंड्रा, रुंद नद्यांची पात्रं. याला मी एकच अपवाद करेन, तो सूअर्डहून निघणारी कीनाय फिओर्ड्स या किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानाची छोटी बोट. मोठ्या जहाजाच्या दहाव्या मजल्यावरून पाहिलेली हिमनदी आणि छोट्या बोटीतून ऐकलेला बर्फ तुटण्याचा आवाज यांत खूप फरक आहे. पफिन पक्षी आणि समुद्री पाणमांजरंही अगदी जवळून दिसतात.

खरं रान हवं असेल आणि गर्दी नकोच असेल तर रँगल–सेंट इलायस आहे, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान. तिथल्या केनिकॉटची तांब्याची खाण १९३८ साली बंद झाली, लाल लाकडी इमारती अजून उभ्या आहेत, आणि शेजारच्या रूट हिमनदीवर गाईड बुटांना लोखंडी खिळ्यांचे क्रँपॉन बांधून चालायला नेतात. पण शेवटचे ६० मैल कच्चा रस्ता. पाच दिवसांत डेनाली आणि हे, दोन्ही करू नका.

तुमच्या पाच दिवसांसाठी मी असं करेन. सूअर्डला सकाळी उतरल्यावर सहा तासांची बोट, आणि संध्याकाळी सहाच्या रेल्वेने अँकरेज, साधारण चार तास. वडील दमतील असं वाटलं तर बोट सोडा, रेल्वे सोडू नका. दुसऱ्या दिवशी डेनाली, रेल्वेने साडेसात तास किंवा व्हॅनने साडेचार-पाच. तिथे सलग तीन रात्री, प्रवेशद्वाराजवळच. पाचव्या दिवशी मागे अँकरेजला न येता पुढे उत्तरेला फेअरबँक्स, रस्त्याने दोन तास, आणि विमान तिथूनच पकडा. परतीचं तिकीट अजून काढलं नसेल तर हा एक बदल तुमचा अर्धा दिवस वाचवतो. तीन रात्री डेनालीत देणारी छोटी कंपनी मिळाली तर तीच घ्या. क्रूझ कंपनीकडे तेवढ्याच रात्रींचा पर्याय असेल आणि वडिलांचे गुडघे दुखत असतील तर ती घ्यायला मला काही हरकत वाटत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. सिअ‍ॅटलहून जाऊन सिअ‍ॅटललाच परतणारी क्रूझ घेतलीत तर डेनाली जोडणं अवघड होतं, कारण जहाज तेवढ्या उत्तरेला जातच नाही. एकमार्गी जहाजं व्हँकुव्हरहून सुटतात त्यामागे १८८६ चा अमेरिकी कायदा आहे: परदेशी नोंदणीचं जहाज प्रवाशांना एका अमेरिकी बंदरावर चढवून थेट दुसऱ्यावर उतरवू शकत नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर अमेरिका आणि कॅनडा, दोन्हींचे व्हिसा लागतात. जहाज सूअर्डऐवजी व्हिटियरला लागणार असेल तर तिथला अडीच मैलांचा बोगदा रेल्वे आणि गाड्या मिळून वापरतात, आणि प्रत्येक दिशेला तो तासातून एकदाच उघडतो. टूरची गाडी कितीच्या फेरीत बसते ते विचारून ठेवा. आणि टूर आधी, जहाज नंतर असा क्रम असेल तर मध्ये अँकरेजला एक मोकळी रात्र ठेवा. डेनालीहून येताना दरड कोसळून रस्ता बंद झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही.

वडिलांना किती वेळ चालवतं आणि कंपन्यांनी पाठवलेले कार्यक्रम टाकलेत तर मी मुक्कामांची नावं नकाशावर तपासून सांगेन.