२०० माणसांसाठी चॉकलेट मूस, तेही मे महिन्यात

अगं, फोंड्याला मे मधलं लग्न म्हणजे आधी उकाड्याचा विचार कर, रेसिपीचा नंतर. मोठ्या भांड्यात मूस (फेटलेल्या क्रीमचं हलकं, हवेशीर गोड) सेट करून हॉलवर वाढायला बिलकुल जाऊ नको, चमच्याने उकरलं की त्यातली हवा जाते आणि दिसायलाही वाईट, त्यापेक्षा झाकणवाले छोटे कप घे, एका कपात ६० ग्रॅम पुरे, लग्नाच्या जेवणावर कुणाला जास्त जात नाही. २०० कपांना १२ किलो मूस, म्हणजे साधारण ४ किलो डार्क चॉकलेट आणि ८ किलो क्रीम, वर दहा-पंधरा कप जास्तीचे धरच. क्रीम व्हिपिंगचंच आण, साधं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही फेटलंस तरी उभं राहत नाही.

कच्चं अंडं नकोच, एवढ्या गर्मीत रिस्क कशाला, आणि जिलेटिनही नको, शाकाहारी पाहुणे असणार, चॉकलेटमधल्या कोको बटरनेच छान सेट होतं. क्रीम मऊसर फेट, वितळवलेलं चॉकलेट कोमट झालं की मिसळ, पायपिंग बॅगने भर म्हणजे कपाच्या कडा बरबटत नाहीत. मग रात्रभर फ्रिजमध्ये.

हॉलच्या फ्रिजवर मात्र विसंबू नको गो, तो सोलकढी आणि बाटल्यांनी भरलेला असतो! थर्माकोलचे नवे बॉक्स आण, खाली बर्फाच्या पिशव्या, वर ट्रेमध्ये कप. टेबलावर एका वेळी ३०-४० कपच मांड, संपले की पुढचे काढ. किसलेलं चॉकलेट वाढतानाच घाल, आधी घातलंस तर दमट हवेने ओलं होतं.