सगळे कोअर कामाला लागले की मशीन हँग

प्रश्न : दोन झिऑन प्रोसेसरचं जुनं वर्कस्टेशन आहे. लिनक्सवर रेंडरिंग करतो. हलक्या कामाला त्रास नाही, पण सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) चालू झाले की पाऊण-एक तासात स्क्रीन थिजते. पॉवर बटण दाबून बंद करावं लागतं. लॉगमध्ये काही सापडत नाही. दुरुस्तीवाले मदरबोर्ड बदला म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बोर्डावर एवढ्यात पैसे घालू नका. हँग झाल्यावर आधी दुसऱ्या संगणकावरून पिंग करा, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येतं का पाहा. (कॅप्स लॉकच्या दिव्यावर विसंबू नका, नुसतं ग्राफिक्स अडकलं तरी तो हलेनासा होतो.) पिंगला उत्तर आलं तर कर्नल (लिनक्सचा गाभा) जिवंत आहे, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा डिस्क तपासा.

उत्तर नाही आलं, तर पॉवर बटण धरून ठेवू नका, रीसेट दाबा. प्रोसेसरला आढळलेली हार्डवेअरची चूक त्याच्याच रजिस्टरांत (आतल्या छोट्या नोंद-कप्प्यांत) नोंदलेली असते. रीसेटनंतर ती बहुधा टिकते आणि पुढच्या बूटला कर्नल ती लॉगमध्ये उतरवतो. वीज तोडली की ती गेली. तुमचा लॉग कोरा राहण्याचं हे एक कारण असू शकतं. दुसरं म्हणजे थिजलेलं मशीन डिस्कवर लिहूच शकत नाही. त्यासाठी नेटकन्सोल (netconsole) ही कर्नलची सोय लावून कर्नलचे संदेश लॅनवरून दुसऱ्या संगणकावर घ्या आणि एनएमआय वॉचडॉग (अडकलेल्या कोअरवर नजर ठेवणारी कर्नलची सोय) चालू ठेवा. एखादा कोअर साधारण 10 सेकंद अडकून राहिला की वॉचडॉग त्या कोअरचा क्रमांक छापतो.

आता दोष कोणत्या बाजूला आहे ते शोधा. पेचकस लगेच हातात घ्यायची गरज नाही. नुमाकंट्रोल (numactl, काम ठरावीक प्रोसेसर आणि रॅमला बांधणारी आज्ञा) वापरून तेच रेंडरिंग आधी फक्त पहिल्या प्रोसेसरवर आणि त्याच्याच रॅमवर चालवा, मग फक्त दुसऱ्यावर, प्रत्येकी दोन-तीन तास. एकाच बाजूला हँग झालं तर मशीन बंद करून, वायर काढून, दोन्ही प्रोसेसरांची अदलाबदल करा. रॅम जागच्या जागी राहू द्या. हँग प्रोसेसरबरोबर सरकलं तर प्रोसेसर खराब. त्याच सॉकेटला राहिलं तर आता त्या बाजूची रॅम दुसरीकडे लावून पाहा. रॅमबरोबरही सरकलं नाही, तेव्हाच बोर्डाचं नाव घ्या. एका वेळी एकच बदल, नाहीतर काहीच सिद्ध होत नाही. सॉकेटमधल्या पिनांना बोट लागू देऊ नका. एक वाकली तरी रॅमचा अख्खा चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधली एक वाट) दिसेनासा होऊ शकतो.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या नीट चालल्या आणि एकत्र चालवल्यावरच थिजल्या, तर वीजपुरवठा पाहा. प्रत्येक सॉकेटला 12 व्होल्टचा आपला 8 पिनी कनेक्टर लागतो. जुन्या मशीनला नवा पॉवर सप्लाय बसवताना कधी कधी एकाच वायरला स्प्लिटर लावून दोन्ही भागवलेले असतात, आणि पूर्ण भार आला की व्होल्टेज खाली येतं.

इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उष्णतेचा संशय रास्तच. पण तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि फारच तापला तर मशीन बंद होतं. थिजायला लावतात ते बहुधा शेजारचे व्होल्टेज रेग्युलेटर आणि रॅम. तिथली धूळ काढा, वारा पोचतो का पाहा.

प्रश्न : माझंही दोन प्रोसेसरचं मशीन हँग व्हायचं. कर्नलच्या बूट ओळीत मॅक्ससीपीयूज=1 (maxcpus=1) लिहून बूट केल्यापासून एकदाही हँग नाही. म्हणजे दुसरा प्रोसेसर बाद ना?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : तसं म्हणता येणार नाही. या सूचनेने एकच कोअर चालतो, त्यामुळे वीज आणि उष्णता दोन्ही घटतात. शिवाय ड्रायव्हरमधली चूकही झाकली जाते : दोन कोअर एकमेकांचं लॉक (एका वेळी एकालाच वापर करू देणारं कुलूप) सुटायची वाट पाहत अडकतात, तसं एकट्या कोअरवर होत नाही. बायॉस (मदरबोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) आणि कर्नल अद्ययावत करून सगळे कोअर पुन्हा चालू करा. मशीन रिकामं बसलेलं असतानाच थिजत असेल तर बायॉसमधून खोल सी-स्टेट (प्रोसेसरच्या वीज वाचवणाऱ्या झोपेच्या अवस्था) बंद करून पाहा.