सरावात पळते, स्पर्धेत पाय जड होतात

प्रश्न : नमस्कार सर, खानापूर तालुक्यातून लिहितोय. माझी पोरगी नववीत आहे, ८०० मीटर पळते. गावच्या मैदानावर टायमिंग मस्त येतं, पण बेळगावला मोठ्या स्पर्धेला गेली की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा, जेवण नाही, आणि दुसऱ्या लॅपला पाय जड झाले म्हणून मागं पडते. कोणीतरी सांगितलं की रेसआधी जोशाची गाणी ऐक आणि आरशासमोर "मी जिंकणारच" असं शंभर वेळा म्हण. म्हणालीय बिचारी, पण म्हणता म्हणता रडालीय. ह्याचा खरंच उपयोग होतो काय?

उत्तर : दादा, उपयोग होतो, पण तुमच्या पोरीला दिलाय तो डोस उलटा आहे.

आपल्याकडं कुस्तीच्या मैदानात बघा की, हलगी कडाडली की पैलवान मातीत उतरायच्या आधीच शड्डू ठोकतो, बघणाऱ्याच्या पण अंगावर काटा येतो. गाण्याची ताकद तीच. लंडनच्या ब्रुनेल युनिव्हर्सिटीतल्या कॉस्टास कारागिओर्गिस यांनी ह्यावर कित्येक वर्षं काम केलंय. व्यायामाला साधारण मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांचं गाणं जमतं, मध्यम वेगात पळताना दमल्याचं कमी जाणवतं, पण जीव तोडून पळायला लागल्यावर शरीरच एवढं ओरडतं की गाण्याकडं लक्ष राहत नाही.

पण तुमच्या पोरीच्या अंगात जोश कमी कुठाय, तो आधीच उतू चाललाय! तिला सकाळी सकाळी ढोल-ताशा ऐकवला तर छाती अजून धडधडणार. खानापूरहून येताना बसमध्ये तिला संथ, घरातलं ओळखीचं काहीतरी ऐकू दे, एखादा अभंग असला तरी चालेल, आणि वॉर्मअपला मग तिच्या आवडीचं एक फास्ट गाणं, बास. नंतर इयरफोन तुमच्या खिशात, कारण ॲथलेटिक्सच्या नियमानं स्पर्धेच्या जागेत मोबाईल किंवा प्लेअर चालत नाही. शेवटची पंधरा मिनिटं गाण्याशिवाय काढायची सवय सरावातच लागली पाहिजे.

आरशासमोरचं "मी जिंकणारच" मात्र आजच बंद करा, कळकळीनं सांगतोय. २००९ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात दिसलं की ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं त्यांनी स्वतःची मोठी स्तुती घोकली की त्यांना उलट अजून वाईट वाटतं. मन आतनं "खोटं" म्हणतं ना. तुमची पोरगी म्हणूनच रडाली असणार.

त्याऐवजी पळताना स्वतःशी म्हणायचा एक शब्द ठरवा, तो छोटा पाहिजे आणि अंगाला काम सांगणारा पाहिजे. माझ्याकडं एक मुलगी यायची, घरात मराठी, पण कोच कन्नड. दुसऱ्या लॅपला तिचे खांदे कानापर्यंत चढायचे, मुठी आवळलेल्या, मग पाय कुठनं उचलणार? कोच बाहेरनं ओरडायचे, "भुज सडिल!" म्हणजे खांदे सैल. हळूहळू ती स्वतःच पुटपुटायला लागली, ओठ हललेले दिसायचे मला, आणि त्याच क्षणी खांदे खाली यायचे. तेव्हा मराठीतच बोल असा हट्ट नको, ज्या शब्दानं खांदे उतरतात तोच तिचा शब्द. रोजच्या सरावात, दम लागलेला असताना म्हणायला लावा, नुसतं खोलीत बसून पाठ करून स्पर्धेत आठवत नाही.

आणि तुम्ही तिला "घाबरू नकोस, शांत हो" म्हणू नका. धडधडणारी छाती सांगून शांत होत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात, गाणं किंवा भाषण करायच्या आधी "मी एक्सायटेड आहे" म्हणणाऱ्यांचं "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. पोरीला सांगा, छाती धडधडालीय म्हणजे अंग पळायला तयार होतंय.

पुढच्या स्पर्धेआधी निदान तीन आठवडे हे करून बघा, बसमध्ये टायमिंगचा विषय काढू नका, आणि तिचा शब्द कुठला ठरला ते मला नक्की कळवा.