कार्डावर गाळलेले फटके

‘पहिल्या हँडिकॅपसाठी खरे स्कोअर दिले तर लोक हसतील. थोडे कमी लिहिले तर काय बिघडतं?’ हँडिकॅप म्हणजे गोल्फमध्ये खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. हा प्रश्न घेऊन आमच्या तालुक्याच्या गावात माझ्यासारख्या समुपदेशकाकडे कोणी येईल असं वाटलं नव्हतं. आले ते पन्नाशीचे, कृषी केंद्र चालवणारे गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). लेक-जावई नागपूरला, गोल्फचा नाद जावयानं लावलेला. तक्रार मात्र झोपेची. क्लबात तिसरं स्कोअरकार्ड दिल्यापासून डोळा लागत नव्हता.

मोबाइलमध्ये त्या कार्डाचा फोटो होता. सातवा होल, पार ४, म्हणजे चार फटक्यांत संपवणं अपेक्षित. मारले १२, लिहिले ७. आणखी दोन होलांवर दोन-दोन गाळलेले. खाली मार्कर, म्हणजे आकडे नोंदवणारा, म्हणून जावयाच्या मित्राची सही.

“थो म्हने, लिहा न काका, कोन पाह्यते!”

मला गोल्फ येत नाही, पण नियम वाचून काढले. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत पहिला हँडिकॅप काढायला ५४ होलांचे स्कोअर पुरतात, म्हणजे अठरा होलांच्या तीन फेऱ्या. कोर्स किती अवघड हे धरून त्यातली सर्वांत चांगली फेरी घेतात, वर आणखी दोन वजा करतात. आणि नवख्याचा कुठलाही होल पार अधिक पाचाच्या पुढे मोजतच नाहीत. बाराचे नऊ नियमानंच केले असते. तीन फटके तो आपणहून पोटात घालत होता. उलट गाळलेलं कार्डच तिन्हींत चांगलं दिसत होतं, म्हणजे आकडा त्यावरून निघणार. सूट कमी मिळणार आणि भाऊ दर रविवारी हरणार.

हिशेब त्यांना लगेच पटला. दुकानदारच ते. चेहरा मात्र उतरलेलाच.

“हसेल कोण, भाऊ?”

“जावयाचे दोस्त. म्हनतीन, कपाशीवाला आला गोल्फ खेळाले.” मग स्वतःच म्हणाले, “पारावर बी एकरी उतारा दोन क्विंटल वाढवूनच सांगतो न जी आमी.”

इथून पुढे गोल्फ बाजूलाच राहिला. जावयासमोर कमी पडण्याची भीती लग्नाच्या बोलणीपासूनची निघाली. त्यावर बरंच बोललो.

(मुद्दाम फटके वाढवून लिहिणारेही असतात, जास्त सूट घेऊन बक्षिसं मारायला. त्यांची झोप सहसा उडत नाही. त्यांना समुपदेशक नको, क्लबची हँडिकॅप कमिटी पुरेशी आहे.)

एक काम दिलं: होल संपला की मार्करनं विचारायच्या आधी आकडा मोठ्यानं सांगायचा. आधी माझ्यासमोरच म्हणून घेतला. ‘बारा’ म्हणताना पहिल्यांदा घसा खाकरला, नंतर हसू आलं.

क्लबात फोन त्यांनी स्वतः केला, जावयामार्फत नाही. कार्ड चुकलंय, काढून टाका, एवढंच सांगितलं. समोरच्यानं कारणही विचारलं नाही. नव्या फेरीत एका पार ४ वर ११ लागले. मार्करनं ११ लिहिले, हिशेबात ९ धरले गेले, आणि जावयानं विचारलं, “बाबा, पाणी देऊ का?”