सॉफ्टवेअरचं पेव कधी उघडायचं?

या महिन्यात सॉफ्टवेअरबद्दलची पत्रं बरीच आली. त्यातली चार इथं घेतलीत, नावं नेहमीप्रमाणे गाळून.

प्रश्न : मॅडम, मी मिरजेत बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथनमध्ये छोटे छोटे प्रोग्राम मी स्वतः लिहिते आणि ते चालतात पण. मग सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा वेगळा विषय कशासाठी? मला तर नुसती पाठांतराची थिअरी वाटते.

तू लिहिलेला प्रोग्राम तूच चालवतेस, अडला तर तूच दुरुस्त करतेस, आणि कुठं काय लिहिलंय ते सगळं तुझ्या डोक्यात असतं. आता असं समज की तोच प्रोग्राम दहा जणांनी मिळून लिहायचाय, शंभर दुकानांत चालायचाय, आणि पाच वर्षांनी तू तिथं नसताना कुणा अनोळखी मुलानं तो उघडून त्यात जीएसटीचा बदललेला दर घालायचाय, आणि तो घालताना बाकीचं काही मोडता कामा नये. तुला येतं ते कोडिंग, आणि हे जे बाकीचं सगळं आहे ना, म्हणजे काय हवंय ते नीट विचारून घेणं, आराखडा, तपासणी, दुरुस्ती, हिशेबानं पैसा आणि वेळ लावणं, ते सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग.

हा विषय कुणी मास्तरांनी पेपर वाढवायला काढलेला नाही. साठच्या दशकात कॉम्प्युटर मोठे झाले आणि प्रोग्राम पण मोठे झाले, पण ते वेळेत होईनात, बजेटात बसेनात, आणि झाले तरी धड चालेनात. म्हणून १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत गार्मिश या गावी नाटोनं परिषद भरवली आणि तिचं नावच सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग ठेवलं. पूल बांधणारे जशी शिस्त पाळतात तशी इथंही हवी, हा त्यातला विचार.

शिस्त नसली की काय होतं त्याचं एक उदाहरण वर्गात नक्की सांग. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि ३७ सेकंदांच्या आसपास त्याचा मार्ग सुटला, थोड्याच वेळात हवेतच तुकडे झाले. कारण काय, तर आधीच्या एरियन ४ मधला कोड तसाच उचलून घातला होता. त्यात एक मोठा आकडा १६ बिटच्या जागेत भरायचा होता, त्या जागेत ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही, आणि नवं रॉकेट जास्त वेगानं आडवं जाणारं असल्यामुळं आकडा त्याच्या वर गेला. कोड जुन्या रॉकेटवर अगदी बरोबर चालत होता गं! नव्या रॉकेटच्या खऱ्या मार्गावर तो चालवून बघायचं राहिलं, आणि चूक कळली ती आकाशात.

विषय शिकताना एवढा एकच प्रश्न धरून ठेव, चूक कधी कळणार? वॉटरफॉल, स्पायरल, अजाइल ही सगळी मॉडेल्स, म्हणजे सॉफ्टवेअर करायच्या पद्धती, या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

प्रश्न : आमचं सांगलीत मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर करायला दिलं. सुरुवातीला दोन दिवस बसून मी सगळं सांगितलं, त्यांनी चाळीस पानं लिहून आणली, मी सही केली. आठ महिन्यांनी सॉफ्टवेअर आलं तर एका शेतकऱ्याची पोती दोन खरेदीदारांना गेली की त्याला द्यायची हिशेबाची पट्टी निघत नाही, आधी दिलेली उचल त्यातून वळती होत नाही. आता म्हणतात बदलाचे पैसे वेगळे, आणि लवकर हवं तर तिघांच्या जोडीला अजून चार पोरं लावतो. चूक कुणाची, आणि पोरं लावू द्यावीत का?

पोरं लावू देऊ नका, हे आधी सांगते. फ्रेड ब्रुक्स म्हणून आयबीएममध्ये एका प्रचंड मोठ्या प्रोग्रामचं काम सांभाळलेले गृहस्थ होते, त्यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की ते अजून उशिरा होतं. हमाल वाढवले की ट्रक लवकर रिकामा होतो, ते खरंय, कारण पोतं उचलायला शेजारच्या हमालाला काही समजावून सांगावं लागत नाही. इथं तीन जण असतील तर आपसात बोलायच्या जोड्या तीन, आणि सात जण झाले की एकवीस. जुने तिघं नव्या चौघांना उचल म्हणजे काय, तोलाई कशी धरतात हे शिकवत बसणार, आणि तुमचा हंगाम निघून जाणार.

आता चूक कुणाची. तुमची नाही आणि त्या पोरांचीही पूर्ण नाही, पद्धत चुकीची निवडली गेली. तुमचं काम ज्या पद्धतीनं झालं तिला वॉटरफॉल म्हणतात, म्हणजे पाणी पायरीपायरीनं खाली येतं तसं, आधी सगळं लिहून घ्यायचं, मग डिझाइन, मग कोडिंग, मग टेस्टिंग, मग गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचं, आणि एक पायरी उतरली की परत वर जायचं नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेली कोठारं, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून बघितली असतील. हळद आत भरली, तोंड बंद केलं, की उघडेपर्यंत आत काय झालंय ते दिसत नाही. हळदीला ते मानवतं, बंद पेवात तिला कीड लागत नाही. सॉफ्टवेअरचं उलटं आहे, ते जितके दिवस बंद राहील तितक्या त्यात चुका मुरत जातात, आणि तुम्ही पेव उघडलं ते आठ महिन्यांनी!

गंमत नाही, खरंच वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी की ही पद्धत ज्यांच्या नावावर सांगतात त्या विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या आपल्या लेखात पायऱ्यांची आकृती काढली आणि लगेच लिहिलं की असं सरळ खाली उतरत जाणं धोक्याचं आहे. त्यांचं म्हणणं, आधी छोटं एक करून बघा, त्यातून शिका, आणि गिऱ्हाईकाला द्याल ते दुसरं असू द्या. वॉटरफॉल हा शब्दसुद्धा त्या लेखात नाही. लोकांनी आकृती घेतली आणि खालचा मजकूर सोडला.

दुकानात बसून गिऱ्हाईक करताना तुम्हाला जे येतं ते खुर्चीत बसून सांगता येत नाही, हे कुणाच्याही बाबतीत खरं आहे. एका शेतकऱ्याचा माल दोघांकडं जातो हे तुम्हाला इतकं सवयीचं की सांगायचंय हे सुचलंच नाही, आणि त्या पोरांनी यार्डात उभं राहून एक सौदाही बघितला नसणार.

तर आता असं करा. गेल्या हंगामातल्या वीस खऱ्या पट्ट्या काढा, मुद्दाम अवघड बघून, ज्यात माल फुटलाय, उचल आहे, हमालीचा वाद झालाय अशा. त्या पोरांना द्या आणि सांगा, बाकी सगळं राहू दे, तीन आठवड्यांत या वीस पट्ट्या पैशापैशाला जुळवून दाखवा. जुळल्या की एका मुनीमजींच्या टेबलावर वहीच्या जोडीनं चालू करा. मग उचल-वसुली, मग खरेदीदारांची येणी, असं तुकड्यातुकड्यानं घ्या आणि पैसेही तसेच तुकड्यानं द्या, याला इन्क्रिमेंटल म्हणतात. आणि रोजचा बॅकअप दुकानाबाहेर दुसऱ्या जागी जातो का हे आजच विचारा, २०१९ चा पूर बघितलेल्या गावात हा प्रश्न राहून जाऊ नये.

प्रश्न : मी पाटणचा, सरकारी नोकरीतून निवृत्त. मुलगा आयटीत आहे, तो म्हणतो वॉटरफॉल आता जुनाट झालं, कुणी वापरत नाही. खरं का?

नाही हो. तुमच्या जवळचंच कोयनेचं धरण घ्या, भिंत अर्ध्यावर आल्यावर जागा बदलू म्हणता येत नाही, तिथं आधी सगळं कागदावर पक्कं करावंच लागतं. धरणाच्या दारांचं नियंत्रण, विमान, हॉस्पिटलातली मशिन्स, असल्या कामात काय हवंय ते बरंचसं आधी ठाऊक असतं आणि चुकलं तर माणसं मरतात. तिथं बऱ्याचदा व्ही मॉडेल असतं, ते वॉटरफॉलचंच भावंड, फक्त प्रत्येक पायरी लिहितानाच तिची तपासणी कशी करायची तेही लिहून ठेवायचं. बॅरी बोहम यांनी १९८६ मध्ये स्पायरल नावाचं मॉडेल मांडलं, त्यात दर फेरीला आधी विचारायचं की आत्ता सगळ्यात मोठा धोका कुठला, आणि तो आधी निपटायचा. मला स्वतःला हे फार पटतं. मुलाला सांगा, काम बघून पद्धत.

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात घरून काम करते, कंपनी पुण्यात. आमच्याकडं सगळे म्हणतात आपण अजाइल आहोत. म्हणजे रोज सकाळी तासभर मीटिंग, मॅनेजर एकेकाला उभं करून काल काय केलं विचारतो, आणि कागद काहीच लिहायचा नाही कारण अजाइलमध्ये डॉक्युमेंट नसतं म्हणे. मला काही कळेनासं झालंय.

तुझं पत्र वाचून मला माझी पुण्यातली वर्षं आठवली, अशा मीटिंगमध्ये मी पण उभी राहिलेय, त्यामुळं मनापासून लिहिते.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यात स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात चार गोष्टी आहेत, नियम आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद, भल्यामोठ्या डॉक्युमेंटपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाईकाबरोबर काम, आणि ठरलेल्या प्लॅनपेक्षा बदलाला साथ. पण खाली स्पष्ट लिहिलंय की ‘पेक्षा’च्या आधीच्या गोष्टींनाही किंमत आहे, आम्ही नंतरच्यांना जास्त मानतो एवढंच. डॉक्युमेंट नको असं त्यात कुठंही नाही.

तुमची सकाळची मीटिंग स्क्रम या अजाइलमधल्या एका पद्धतीतून आली. स्क्रम केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये मांडलं. त्यात काम स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यांत करायचं, स्प्रिंट जास्तीत जास्त महिन्याचा, आणि शेवटी वापरता येईल असं काहीतरी तयार हवं. रोजची भेट १५ मिनिटांची. ती काम करणाऱ्यांनी आपसात दिवसाची जुळणी करायला असते, साहेबांना हजेरी द्यायला नसते. तासभर चालली आणि सगळे साहेबांच्याच तोंडाकडं बघून बोलायला लागले की मग अडलेली माणसं अडलंय म्हणून सांगतच नाहीत, आणि चूक परत शेवटालाच कळते, म्हणजे नाव अजाइल आणि पेव तसंच बंद.

तुला मॅनेजर बदलता येणार नाही, पण दोन गोष्टी करता येतील. एक, स्प्रिंट संपताना जो खरा वापरणारा आहे त्याच्या हातात माउस देऊन काही न बोलता बघत बसायचं, अर्धा तास पुरे, मीटिंगमध्ये मागून बघ, कुणी नाही म्हणणार नाही. दुसरं, दर शुक्रवारी एका पानावर एवढंच लिहीत जा की या आठवड्यात काय ठरवलं, का ठरवलं, आणि कुठला पर्याय सोडला. ते पान कोडच्या शेजारीच ठेव, वेगळ्या फोल्डरात ठेवलंस तर कुणी उघडायचं नाही. तुझ्या जागी उद्या येणारी मुलगी कोड वाचून तो काय करतो ते शोधून काढेल, पण तो असा का आहे हे तिला त्या पानावरच मिळेल.